एकतीस गाड्या आणि एक बाकडं

आमच्या हिचा उजवा गुडघा बदलला आणि जावयाने पहिली गाडी घेतली, ते वर्ष. दोन्ही गोष्टी एकाच महिन्यात झाल्या. घरात गाडीचं जेवढं कौतुक झालं तेवढं गुडघ्याचं झालं नाही. कुरकुरायची मात्र गाडीच जास्त. पण ते बोलायची सोय नव्हती. जावई तो जावई.

डॉक्टरांनी हिला सांगितलं, रोज चाला, मध्ये बसा, पुन्हा चाला. आता चालायला पाय लागतात, ते हिच्याकडे होते. बसायला जागा लागते. आमच्या दारापासून बागेच्या छोट्या फाटकापर्यंत एकशे चाळीस पावलं. आत शिरलं की डाव्या हाताला कोपऱ्यात सिमेंटचं बाकडं. ही तिथवर पोचेपर्यंत घामाघूम व्हायची, दहा मिनिटं बसायची आणि मग परतीला लागायची. त्यापुढचं बाकडं आणखी तीनशे दहा पावलांवर. हे मी अंदाजाने सांगत नाही, मोजलेलं आहे. मोजणं हाच माझा धंदा होता.

तेहतीस वर्षं मी नगरपालिकेत रस्त्यावर पांढरे पट्टे मारले. पट्टे मारणं म्हणजे काय सोपं, असं लोकांना वाटतं. त्यांनी एकदा भर उन्हात डांबरावर उकिडवं बसून दोनशे फूट सरळ रेघ मारून दाखवावी. मी अक्षरंही मारली, पत्र्याचे साचे ठेवून. 'येथे गाड्या उभ्या करू नयेत' हे मी गावभर लिहिलं, आणि ते वाचता यायला मला साठी ओलांडावी लागली. निवृत्त झाल्यावर हिने मला स्वयंपाकघराच्या टेबलावर, भाजी निवडता निवडता, अक्षरं शिकवली. मग एके दिवशी मी माझाच एक रस्ता वाचत गेलो, तेव्हा कळलं की इतक्या वर्षांत माझं म्हणणं कोणीही ऐकलेलं नाही. 'नयेत'वर एक टेम्पो उभा होता.

तर त्या वर्षी छोट्या फाटकावर नगरपालिकेचा कागद चिकटला. मी तो एका दमात वाचला, म्हणजे अकरा मिनिटांत. तोवर ही नव्या गुडघ्यावर भार देऊन उभी होती.

"काय म्हणतायत?"

"या कोपऱ्यात चोवीस गाड्यांचं पार्किंग करणार. हे फाटक बंद, झाड तोडणार, बाकडं काढणार. पडीक जागेचा सदुपयोग, असं लिहिलंय."

"पडीक? मी रोज बसते की इथे!"

"ते कागदात नाही."

"मग घाला कागदात. अक्षरं शिकवली ती काय दुकानांच्या पाट्या वाचायला?"

कागदाच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, हरकती व सूचना तीस दिवसांत लेखी द्याव्यात. तिथून माझे दिवस फिरले.

आमच्या खालच्या मजल्यावर अपीलराव राहतात. कोर्टात नकला काढण्याच्या खात्यात त्यांची सगळी नोकरी झाली आणि आता उरलेलं आयुष्य अपिलात चाललं आहे. पाण्याच्या बिलाविरुद्ध अपील, जिन्यातल्या दिव्याविरुद्ध अपील. एकदा त्यांनी हवामानाच्या अंदाजाविरुद्ध पत्र टाकलं होतं आणि त्याची पोचही घेतली होती. मी कागदाची गोष्ट सांगताच ते पायजम्यावरच वर आले.

"नुसतं 'नको' लिहू नका," ते म्हणाले. "'नको' म्हणणारे शंभर असतात. आकडा द्या. चोवीस म्हणतायत ना? सिद्ध करा की चोवीस बसत नाहीत. आकडा मोडला की योजना मोडली."

रविवारी जावई आला. आला म्हणजे अर्ध्या तासाने आला. गाडी लावायला जागा शोधत तीन वेळा आमच्या खिडकीखालून गेला आणि तिन्ही वेळा, आधीच दारात उतरून वर आलेल्या मुलीने आतून हात हलवला.

"बाबा, पार्किंग व्हायलाच हवं," तो ताटावर बसता बसता म्हणाला.

"पायी येत जा."

"गाडी घेतली ती पायी यायला?"

मी भाताकडे बघितलं. पण लगेच मला एक युक्ती सुचली. आयुष्यात मला ज्या चार युक्त्या सुचल्या त्यांतली ही तिसरी, आणि पहिल्या दोन्हींबद्दलही मी कुठे बोलत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी जुनी दोरी, गवंडी वापरतात तसला लाकडी गुण्या आणि चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन कोपऱ्यात गेलो. लांबी दोनशे फूट, रुंदी अठ्ठेचाळीस. फाटकावरच्या कागदावर त्यांचा नकाशा होताच, तसाच जमिनीवर आखून बघायचा, एवढाच माझा बेत. पाच खाने आखून होतात न होतात तोच सकाळी फिरायला येणाऱ्या बायकांनी मला घेरलं.

"लाज नाही वाटत? या वयात ठेके घेता?"

"अहो बाई, मी विरोधात आहे."

"विरोधात असणारा माणूस चुन्याने पट्टे मारतो होय?"

एकीने दोरी गुंडाळून पर्समध्ये घातली. दुसरीने गुण्या मागितला, तो मी दिला नाही. एवढ्यात एक गृहस्थ स्कूटर घेऊन आले आणि माझ्या तिसऱ्या खान्यात ती लावून पळायला निघून गेले. जाताना मला म्हणाले, "छान सोय केलीत."

दोरी परत मिळायला दोन दिवस गेले. तोवर माझ्या लक्षात आलं होतं की खाना कागदावर मावतो, पण दार उघडायचं राहतं, वळायचं राहतं. ते दाखवायला खरी गाडी हवी. म्हणून मी जावयाला फोन केला. पार्किंगच्या विरोधात गाडी मागतोय, हे मी सांगितलं नाही. नुसतं म्हणालो, "गाडी घेऊन या, बागेत लावायला जागा आहे." तो उडत आला.

माळ्याची हातगाडी जाते त्या मोठ्या दारातून गाडी आत घेतली. मी पुढे उभा राहून हात हलवत होतो. "घ्या, घ्या, अजून घ्या." एका बाजूला झाड, दुसऱ्या बाजूला बाकडं. गाडी बरोबर मध्ये बसली आणि तिथेच बसून राहिली. दार उघडेना. जावई काचेतून माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत सासऱ्याबद्दलचा आदर शोधावा लागत होता.

"बाबा, आता?"

"आता सिद्ध झालं," मी म्हणालो. "दार उघडत नाही."

शेवटी तो मागच्या दारातून, पाय वर करून बाहेर आला. गाडी काढायला माळी, पहारेकरी आणि पळणारे चौघे लागले. आरशाला ओरखडा आला. आणि हा सगळा प्रकार होत असताना कोणीतरी फोटो काढला, ज्यात मी दोन्ही हात पसरून हसतो आहे. मी हसत नव्हतो, ऊन डोळ्यांवर होतं. पण फोटोत ऊन दिसत नाही.

असो. मी हरकत लिहिली. चार रात्री नव्हे, चार दुपारी खपून. हिने दोनदा तपासली. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "आता पुरे, नाहीतर बागेच्या आधी तुम्ही जाल." सोबत माझं चित्र जोडलं. एक मोठा चौकोनी खोका, त्यात त्यांचे चोवीस खाने, त्यातले पाच तांबड्या पेन्सिलीने खोडलेले. एक गटाराच्या झाकणाचा, दोन वळणाचे, दोन दाराचे. चोवीस नाही, एकोणीस. कागदाच्या मागच्या बाजूला मी सहज, म्हणजे हात शिवशिवत होते म्हणून, आपली स्वतःची आखणीही काढली होती. ती कोणाला दाखवायची नव्हती.

नगरपालिकेच्या आवक खिडकीत एक बाई बसतात. त्यांनी कागद उलटा केला, सुलटा केला आणि म्हणाल्या, "हरकत आहे?"

"हरकत आहे."

"हरकतींचं रजिस्टर भरलं. दोनशे तेरावर पान संपलं. नवीन यायला तीन आठवडे."

"मुदत तर उद्या संपते!"

"सूचनांचं रजिस्टर रिकामं आहे. त्यात घेऊ?"

मी सोबत आलेल्या अपीलरावांकडे बघितलं. ते म्हणाले, "शिक्का तो शिक्का. घ्या." अपीलरावांच्या आयुष्यात पोच मिळणं हीच मोठी गोष्ट, मग ती कशाची का असेना. अशा रीतीने माझी हरकत ही सूचना क्रमांक एक झाली. पहिली आणि शेवटची.

सुनावणी सभागृहात होती. भिंतीवरचं घड्याळ बंद, पंखे चालू, कागद उडू नयेत म्हणून प्रत्येकाच्या हाताखाली पेपरवेट. सभापतींनी चष्मा लावून वाचलं, "हरकती दोनशे तेरा. सर्व एकाच आशयाच्या असल्याने एकत्र विचारात घेऊन नामंजूर." दोनशे तेरा माणसं उभी राहायच्या आत बसली. "सूचना एक. नियमाप्रमाणे प्रत्येक सूचना स्वतंत्र ऐकायची असते. सूचना करणारे कोण?"

मी उभा राहिलो. सभागृहात मी पूर्वीही गेलो होतो, पण गुडघ्यावर बसून, फरशीवर रेघ मारायला. उभ्याने पहिल्यांदाच.

नकाशा करणाऱ्या इंजिनियरबाई समोर होत्या. वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी आधी तो फोटो पडद्यावर दाखवला. "जनतेने पार्किंगचा वापर उत्साहाने सुरूही केला आहे," त्या म्हणाल्या. पडद्यावर मी आठ फूट रुंद हसत होतो. मागून बायकांच्या रांगेतून आवाज आला, "बघा, म्हटलं नव्हतं?"

"तो पुरावा आहे," मी ओरडलो. "दार उघडत नाही याचा! तुमचे चोवीस बसत नाहीत, बाई. एकोणीस बसतात." आणि मी सूचनेला जोडलेलं चित्र पुढे केलं.

सभापतींनी ते बघितलं. अपीलरावांनी मला डोळ्याने खूण केली, जिंकलो. आणि खरंच जिंकलो होतो. तेवढ्यात सभापती म्हणाले, "म्हणजे जागाच अपुरी आहे तर."

इथे मी 'हो' म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम होतं. पण तेहतीस वर्षं पट्टे मारलेल्या माणसासमोर कोणी जागेला नावं ठेवली की त्याला राहवत नाही.

"जागा अपुरी नाही साहेब," मी म्हणालो. "आखणी चुकलीय."

अपीलरावांनी माझ्या सदऱ्याचं टोक ओढलं. मी ते सोडवून घेतलं.

"सरळ कशाला आखता? तिरकी आखा. दोन्ही बाजूंना तिरकी ओळ, मध्ये एकेरी वाट. वळायला नको, मागेपुढे करायला नको. हे बघा." मी कागद उलटला. "एकतीस बसतात."

इंजिनियरबाई उठून आल्या. त्यांनी कागद हातात घेतला, कॅल्क्युलेटर काढलं, बटणं दाबली, आणि माझ्याकडे असं बघितलं की आयुष्यात वरच्या कोणीही तसं बघितलं नव्हतं. "एकतीसच," त्या म्हणाल्या. "झाडही वाचतंय."

टाळ्या झाल्या. मी वाकून मान लववली. मान वर येईपर्यंत ठराव पास झाला होता. 'ज्येष्ठ नागरिकांच्या सूचनेनुसार, एकमताने.'

जिना उतरताना अपीलराव कठडा धरून थांबले. मग म्हणाले, "चाळीस वर्षं कोर्टात काढली. फिर्यादीने स्वतःसाठी फाशी मागून घेतलेली ही पहिलीच केस."

घरी ही दारातच उभी होती.

"काय झालं?"

"एकतीस."

"आधी किती होत्या?"

"चोवीस."

"म्हणजे बाकडं वाचवायला गेलात आणि सात गाड्या वाढवून आलात."

चहा झाला, तो आम्ही दोन वेगळ्या खोल्यांत घेतला.

काम सुरू झालं तसं फाटक बंद झालं. ही घरात चालू लागली. पलंगापासून मोरीपर्यंत, मोरीपासून पलंगापर्यंत. पाचव्या फेरीला तिला भिंतींचा कंटाळा यायचा आणि ती बसायची ती बसूनच राहायची. महिन्याने डॉक्टरांनी कोन मोजला. नव्वद अंशांत वाकणारा गुडघा सत्तरावर आला होता. "असाच आखडत गेला तर ऑपरेशन करून उपयोग काय?" डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. मी तिरक्या रेघांवर टाळ्या घेतलेला माणूस. कोन ऐकला की मला घाम फुटायला लागला.

त्या दिवशी दुपारी मी टेबलावर डोकं धरून बसलो होतो. ही कपाटातून माझं चित्र घेऊन आली. पक्की प्रत नगरपालिकेत गेली होती, ही कच्ची.

"हे टोकाला काय राहिलंय?"

"कुठे?"

"इथे. फाटकापाशी. रिकामं."

"तो तिकोन. तिरक्या ओळीच्या टोकाला उरतोच. तिथे गाडी बसत नाही."

"गाडी नाही बसत," ही म्हणाली. "मी बसेन की."

मी चित्राकडे बघितलं, हिच्याकडे बघितलं. सतरा फूट एक बाजू, सतरा फूट दुसरी. बाकडं आरामात, वर फाटकातून यायला वाट. तेहतीस वर्षांत मी असे शंभर तिकोन सोडले असतील. त्यांच्याकडे मी कधी वळूनही बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी इंजिनियरबाईंच्या टेबलापाशी गेलो. त्यांनी नवा नकाशा उलगडला. तिकोनात लिहिलं होतं, 'कचरापेटी'.

"वाया जाणाऱ्या जागेत पेटी बसवायची, असं परिपत्रक आहे, काका."

"तिथे बाकडं ठेवा ना."

"बाकडं उद्यान विभागाचं. मला देता येत नाही."

उद्यान विभाग त्याच मजल्यावर, कपाटाच्या पलीकडे. दोघांत पंखाही एकच. तिथले साहेब म्हणाले, जागा आता वाहनतळाची, बाकडं तिथे कसं देणार? मी कपाटाला चार प्रदक्षिणा घातल्या. पाचव्या वेळी दोघांनी एकमेकांना हाक मारून 'तेच काका' असं सांगितलं, तेव्हा मी घरी आलो. अपीलराव अपील लिहायला बसले. मी त्यांना म्हणालो, तुमचं अपील निघेपर्यंत हिचा गुडघा दगड होईल.

शेवटी पट्टे मारायचा दिवस उजाडला. टोळीचा मुकादम माझ्याच हाताखाली दोरी धरायला शिकलेला. मला बघून त्याने बिडी विझवली.

"उस्ताद, आखणी तुमची म्हणे?"

"माझीच. तिकोनात काय करणार?"

"पेटी यायची आहे."

"आली?"

"कसली येते. मागणीपत्र गेलंय."

"मग तोवर तिकोन कोरा सोडणार? कोऱ्या जागेत कोणीही गाडी घुसवेल. आडवे पट्टे मारावे लागतात, विसरलास?"

"नाही विसरलो."

"दे ब्रश."

सात वर्षांनी मी गुडघ्यांवर बसलो. माझ्या गुडघ्यांनी जे आवाज काढले ते टोळीतल्या सर्वांनी ऐकले, पण कोणी हसलं नाही. सात पट्टे मारले. मग मध्ये अक्षरं घालायची होती. मुकादमाने साच्यांचा गठ्ठा आणला, पण मला हवं ते त्यात कोणी कापलेलंच नव्हतं. म्हणून हातानेच लिहिलं, 'इथे माणसं बसतात'. ओळ जरा चढाला लागली. 'बसतात' पट्ट्यावर गेलं. तेवढं चालायचं. उखडलेलं बाकडं भिंतीशी पालथं पडलं होतं, ते टोळीतल्या चौघांनी उचलून आणून तिकोनात ठेवलं आणि मुकादमाने छोट्या फाटकाचं कुलूप काढून दिलं. रंग ओला होता, एकाची चप्पल चिकटली, ती अजून तिथे आहे असं तो सांगतो.

संध्याकाळी इंजिनियरबाई तपासायला आल्या. तिकोनापाशी बराच वेळ उभ्या राहिल्या.

"काका, हे नकाशात नाही."

"पण जमिनीवर आहे, बाई."

नकाशाप्रमाणे जमीन दुरुस्त झालेली मी नोकरीत एकदाही बघितली नाही. रंग खरवडायचा तर वेगळी निविदा लागते. नकाशा दुरुस्त करायला खोडरबर पुरतं. हे बाईंनाही ठाऊक होतं. त्यांनी पिशवीतून पेन्सिल काढली, 'कचरापेटी' खोडलं, आणि विचारलं, "हे कोणत्या साच्याने लिहिलंत?"

"साचा नाही. हाताने."

"दिसतंय," त्या म्हणाल्या. आणि जाता जाता बाकड्यावर दोन मिनिटं बसून गेल्या.

दुसऱ्या दिवशी ही आली. हळूहळू, माझा हात धरून. बसली. मला वाटलं, आता डोळ्यांत पाणी येईल. मी रुमालही तयार ठेवला. ती समोर बघत होती. एक मोटार तिरक्या खान्यात शिरायची धडपड करत होती.

"अहो, आरसा बघा, आरसा!" ही ओरडली. "डावीकडे! अजून! बस्स!"

चालकाने काच खाली करून आभार मानले. हिचा चेहरा असा उजळला की मुलीच्या लग्नातही उजळला नव्हता.

त्या दिवसापासून ती त्या पार्किंगची मालकीण. सकाळी दहा मिनिटांची बैठक दीड तासावर गेली. कोणाच्या गाडीच्या मागच्या चाकात हवा कमी आहे, कोण दोन खाने अडवतो, कोणाचं नवऱ्याशी पटत नाही, सगळं तिला ठाऊक. लोक तिला पार्किंगच्या आजी म्हणायचे आणि तिने हात दाखवल्याशिवाय गाडी मागे घेत नसत. सकाळी फिरणाऱ्या बायकांनी माझ्याशी बोलणं सुरू केलं, तेही 'आजींचे यजमान' म्हणून. मी एकदा विचारलं, "पूर्वी इथे किती शांत होतं, नाही?"

"होतं काय इथे बघायला? एक झाड आणि तुमचे अपीलराव."

ज्या शांततेसाठी मी एवढी इज्जत घालवली, तिची किंमत ही. जावई रविवारी यायचा, तर एकतीसच्या एकतीस भरलेल्या. "आई, माझ्यासाठी एक धरून ठेवता येणार नाही?" "जावई असलात तरी रांगेतून या," ही म्हणाली. तो पूर्वीसारखाच तीन फेऱ्या मारायचा.

डॉक्टरांनी कोन मोजला, एकशे दहा. ते म्हणाले, काय केलंत? ही म्हणाली, वाहतूक.

असं तीन वर्षं आणि दोन महिने चाललं. एक दिवस खाडा नाही. मार्चच्या तीन तारखेला, सोमवारी, ती आपल्या पायांनी गेली, अकरा गाड्या लावून दिल्या आणि आपल्या पायांनी परत आली. मंगळवारी, चार मार्चला, दुपारी जेवण झाल्यावर आडवी झाली, ती उठली नाही. माझी बायको त्या दिवशी वारली. तेव्हा तिला सत्तरावं चालू होतं.